रात्री साडेदहाचा लोड: मुंबईतल्या सोसायट्यांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य,
मुंबई शहर व उपनगरांतील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

प्रत: बेस्ट, अदानी इलेक्ट्रिसिटी, टाटा पॉवर आणि महावितरण यांचे नियोजन विभाग, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग

विषय: गाड्यांच्या चार्जरना एकेक एनओसी देण्याआधी सामाईक, नियंत्रित चार्जिंग पॅनेल बसवण्याबाबत

स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरसाठी अर्ज आला की कार्यकारिणीच्या बैठकीत बहुधा दोनच सूर निघतात. एक म्हणतो, सोसायटीचा लोड पुरणार नाही, नकोच. दुसरा म्हणतो, तुमच्या मीटरवरून केबल ओढा, खर्च तुमचा आणि जबाबदारीही तुमची. आम्ही वीज वितरण, संरक्षण यंत्रणा आणि चार्जर उभारणीच्या कामातले अभियंते आणि परवानाधारक विद्युत ठेकेदार आहोत. आमच्या मते दोन्ही निर्णय चुकतात. पहिल्याची गरजच नाही. दुसरा तीन-चार गाड्यांपर्यंत निभावून जातो, म्हणून तो जास्त घातक.

आधी हिशेब मांडू. समजा, दोन विंगा मिळून ८४ फ्लॅट आहेत. बिलावरचा मंजूर भार प्रत्येकी ६ किलोवॉट धरला तर कागदावर ५०४ किलोवॉट होतात. पण सगळ्यांचे गिझर, एसी आणि इस्त्री एकाच मिनिटाला चालत नाहीत. त्यामुळे मे महिन्यात रात्री साडेदहाला, म्हणजे सगळ्यांत वाईट वेळी, मेन केबलवर २०० किलोवॉटच्या आसपास लोड दिसेल. टाँग टेस्टर (केबलभोवती लावून अँपिअर मोजणारे यंत्र) लावला तर दर फेजला साधारण २९० अँपिअर. इनकमरला, म्हणजे इमारतीत वीज येते त्या मुख्य स्विचला, ४०० अँपिअरचे एचआरसी (मोठे शॉर्टसर्किट तोडू शकणारे) फ्यूज. म्हणजे अजून तरी सगळे ठीक.

आता या सोसायटीत २० गाड्या आल्या. ७.४ किलोवॉटचा सिंगल फेज चार्जर ३२ अँपिअर ओढतो. कामावरून येऊन नऊ-साडेनऊला सगळ्यांनी गाडी लावली, प्लग खोचला आणि वर जेवायला गेले, की १४८ किलोवॉट वाढले. तिन्ही फेजवर अगदी सारखे वाटले तरी दर फेजला आणखी २१३ अँपिअर, म्हणजे एकूण ५०० च्या वर. हा आकडा ऐकूनच कार्यकारिणी घाबरते, आणि याच आकड्यावरून नव्या ट्रान्सफॉर्मरची गोष्ट निघते.

पण त्या वीस गाड्यांना वीज लागते किती? मुंबईच्या रहदारीत रोज ४० किलोमीटर चालणारी गाडी, १०० किलोमीटरला १५ युनिट या हिशेबाने, ६ युनिट खाते. वीस गाड्यांचे १२० युनिट, चार्जिंगमधली गळती धरून १३२. रात्री ११ ते सकाळी ६ या सात तासांत हे वाटले तर सरासरी १९ किलोवॉट पडतात.

१४८ आणि १९. गाड्या त्याच, रात्रही तीच. पुढचे सगळे पत्र या दोन आकड्यांमधल्या अंतराबद्दल आहे.

"लोड जास्त झाला तर फ्यूज उडेल, त्यात काय एवढे?" असे सभेत कोणी ना कोणी म्हणतेच. फ्यूज उडणार नाही, हीच तर अडचण आहे. जीजी वर्गाचा (सर्वसाधारण केबल-संरक्षणाचा) ४०० अँपिअरचा एचआरसी फ्यूज मानकाप्रमाणे सव्वापट, म्हणजे ५०० अँपिअर, तीन तास न वितळता सोसतो. खात्रीने वितळायचा तर १.६ पट, म्हणजे ६४० अँपिअर लागतात. फ्यूज शॉर्टसर्किटसाठी उत्तम आहे. रोज रात्री काही वेळ चढणाऱ्या वीस-पंचवीस टक्के जादा लोडसाठी तो राखणदार नव्हे. तेवढ्या वेळात ताप सोसतात ते सांधे.

मीटर रूममधला मेन केबलचा सांधा एकदा नीट बघा. केबल अल्युमिनियमची, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) अल्युमिनियमचा, बसबार (वीज वाटणारी पट्टी) बऱ्याचदा तांब्याची. मधे दोन धातूंचा वॉशर हवा. तो असतोच असे नाही. त्यात मुंबईची खारी, दमट हवा. सांध्यातला रोध वर्षागणिक थोडा वाढतो आणि उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. २९० चे ५०५ अँपिअर झाले म्हणजे प्रवाह पावणेदोन पट झाला, पण सांध्यातली उष्णता तिप्पट. आधी बोल्टाजवळची टेप तपकिरी पडते. मग लगमागचे चार-सहा इंच इन्सुलेशन कडक होऊन तडकते. तापलेल्या प्लॅस्टिकला मासळीसारखा वास येतो. या शहरात त्या वासाकडे कोणाचे लक्ष जाणार, हा भाग वेगळा.

आतापर्यंत हे का झाले नाही? कारण घरगुती लोड दमादमाने चालतो. गिझर पंधरा मिनिटांत कट होतो, एसीचा कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो. मधल्या वेळात सांधे, केबल आणि ट्रान्सफॉर्मरचे तेल निवते. गाडी मात्र ३२ अँपिअर सलग ओढते, आणि बॅटरी बरीच रिकामी असेल तर चार-पाच तास. ट्रान्सफॉर्मर इतकी वर्षे तगले ते रात्री मिळणाऱ्या विश्रांतीवर. आतल्या कागदाच्या इन्सुलेशनचा नियम साधा आहे: सर्वांत गरम जागेचे तापमान साधारण ६ अंशांनी वाढले की झिजण्याचा वेग दुप्पट. मुंबईत मे महिन्यात पहाटेही पारा २७-२८ च्या खाली उतरत नाही. त्यात साडेअकरापर्यंत एसी आणि तिथून पुढे गाड्या असे झाले, तर त्याला निवायला वेळच उरत नाही. तो त्या दिवशी जळत नाही. पंचवीस वर्षे टिकणारा पंधरा-सोळातच जातो आणि तेव्हा गाड्यांचे नावही कोणी घेत नाही.

न्यूट्रलचे, म्हणजे परतीच्या तारेचे, दुखणे वेगळे आहे. प्रत्येकाने आपापल्या वायरमनकडून चार्जर लावून घेतला की कोण कोणत्या फेजवर गेला याची नोंद राहत नाही. एका फेजवर नऊ, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर दोन. हा तोल गेला की फरकाचा प्रवाह न्यूट्रलमधून परततो. जुन्या इमारतींत न्यूट्रलची तार फेजच्या निम्म्या जाडीची सापडते. स्कूटरच्या स्वस्त चार्जरमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारा भाग नसेल तर त्यांचे तिसरे हार्मोनिक (५० हर्ट्झच्या तिप्पट वेगाने येणारे विकृत प्रवाह) तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाहीत, उलट त्यांची बेरीज होते. न्यूट्रलचा सांधा तुटला तर कमी लोडच्या फेजवर २३० ऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत जाऊ शकतात. मग टीव्ही, फ्रिज, राउटर, लिफ्टचे कार्ड, जे चालू असेल ते गेले. गाडीवाल्याचे नुकसान त्यात सगळ्यांत कमी. झळ बसते ती ज्याच्याकडे सायकलही नाही अशा शेजाऱ्याला.

सोसायटीच्या भिंतीबाहेर हाच हिशेब हजारपट होतो. मुंबईची उन्हाळ्यातली कमाल मागणी ४००० मेगावॉटच्या वर गेली आहे. ट्रॉम्बेचे वीज केंद्र, डहाणू आणि खोपोली-भिवपुरी-भिरा येथील जलविद्युत मिळूनही एवढी वीज होत नाही. उरलेली बाहेरून, मोजक्या मार्गांनी येते, कारण तिन्ही बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला दाट वस्ती. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या बंद पडल्या, शहराला वेगळे करून वाचवणारी आयलँडिंग योजना तोल सांभाळू शकली नाही आणि लोकलसकट सगळे थांबले. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाल्याने हा गळा थोडा रुंदावला आहे, पण तो गळाच आहे.

आता समजा, शहरात एक लाख गाड्या घरी चार्ज होतात. सगळ्या एकाच वेळी ७.४ किलोवॉट ओढू लागल्या तर ७४० मेगावॉट. रात्रभर वाटून घेतल्या तर १०० मेगावॉटच्याही आत. पहिल्या आकड्यासाठी नवी केंद्रे, वाहिन्या, ट्रान्सफॉर्मर लागतील. दुसरा आकडा आजच्या तारांमधून निघून जाईल.

स्थिरतेच्या दृष्टीने मेगावॉटपेक्षाही जास्त त्रास देतो तो एकदम येणारा लोड. याच्या दोन वेळा असतात. पहिली, टायमरची. स्वस्त वीज बारा वाजता सुरू होते म्हटले की प्रत्येक ॲपमध्ये लोक बरोबर १२:०० भरतात, आणि मोबाइलची घड्याळे सेकंदापर्यंत जुळलेली असतात. ब्रिटनने हा धोका ओळखून २०२१ च्या नियमांत, जे ३० जून २०२२ पासून लागू झाले, प्रत्येक घरगुती चार्जरला ठरलेल्या वेळेनंतर १० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर बंधनकारक केला. प्रत्येक चार्जर आपला फासा स्वतः टाकतो आणि सरळ उभी भिंत उताराची होते.

दुसरी वेळ, गेलेली लाईट परत येण्याची. नेहमीच्या वेळी वीसपैकी सहा गाड्या ओढत असतील; तासभर वीज जाऊन आली की प्लग लावलेल्या सगळ्या एकदम सुरू होतात, त्याच क्षणी सगळे फ्रिज आणि एसीही. फीडर (एका भागाला वीज पुरवणारी वाहिनी) चालू करताच ओव्हरलोडने पुन्हा पडतो, पुन्हा चालू, पुन्हा पडतो. २०२० सारख्या प्रसंगी शहर तुकड्या-तुकड्याने उभे करायचे असते आणि प्रत्येक तुकडा किती मेगावॉटचा आहे हे आधी माहीत असावे लागते. गाड्यांमुळे तो अंदाजच चुकला तर उभा केलेला भागही कोसळू शकतो.

आणखी एक स्वभावदोष. पिवळा बल्ब किंवा गिझर व्होल्टेज उतरले की कमी वीज घेतो, म्हणजे नकळत ग्रिडला सांभाळून घेतो. गाडीचा चार्जर इलेक्ट्रॉनिक आहे. व्होल्टेज उतरले की तो आपल्या मर्यादेपर्यंत अँपिअर वाढवून तेवढीच शक्ती ओढत राहतो. म्हणजे बुडणाऱ्याच्या खांद्यावर आणखी भार.

पण हाच इलेक्ट्रॉनिक स्वभाव उपायही देतो. चार्जरकडून गाडीकडे जाणाऱ्या जाड केबलमध्ये कंट्रोल पायलटची एक बारीक तार असते. तिच्यावर सेकंदाला १००० वेळा अधिक १२ ते उणे १२ व्होल्ट असा चालू-बंदचा ठेका चालतो. त्यातला चालू भाग १० टक्के असेल तर गाडीने ६ अँपिअरच घ्यायचे, २६.७ टक्के म्हणजे १६, ५३.३ टक्के म्हणजे ३२. चार्जरने ठेका बदलला की गाडीने पाच सेकंदांत आपली ओढ बदलायची. टाइप टू प्लग लावणाऱ्या प्रत्येक गाडीला ही भाषा येते. चार्जर बंद न करता त्याला दमाने घ्यायला लावता येते, तेही गाडीत काही न बदलता.

सगळ्यांत खालची पायरी ६ अँपिअर. ६ गुणिले २३० व्होल्ट, म्हणजे साधारण १.४ किलोवॉट. सात तासांत भिंतीतून साडेनऊ युनिटच्या वर, आणि हळू चार्जिंगमधली जास्तीची गळती वजा जाऊन बॅटरीत आठेक. म्हणजे सर्वांत मंद वेगानेही सकाळपर्यंत पन्नासेक किलोमीटरची सोय होते. वीसही गाड्या रात्रभर ६ अँपिअरवर ठेवल्या तर सोसायटीवर २८ किलोवॉटही पडत नाहीत. हे गणित सर्वसाधारण सभेत फळ्यावर मांडा. अर्धा वाद तिथेच मिटतो.

आता करायचे काय ते.

सुरुवात मोजण्यापासून. मेन इनकमरवर लोड लॉगर सात दिवस लावून ठेवा: तिन्ही फेज आणि न्यूट्रल, दर १५ मिनिटांनी नोंद. हे काम एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात करा. जानेवारीत मोजलेला लोड हा स्वतःलाच दिलेला खोटा दिलासा. या नोंदीतली सर्वांत उंच रेघ आणि फ्यूजच्या ८० टक्क्यांची रेघ यांच्यामधली जागा तुमची. वरच्या उदाहरणात ८० टक्के म्हणजे ३२० अँपिअर. साडेदहाला जागा दर फेजला ३० अँपिअरचीच आहे, पण एक वाजता लोड ११० किलोवॉटवर उतरला असेल तर ती १६० अँपिअर होते. मापन चालू असतानाच थर्मल कॅमेऱ्याने सांधे तपासून घ्या. नवा लोड जोडण्यापूर्वी जुने लग पुन्हा दाबून घेणे स्वस्त पडते.

मग एकच पॅनेल. इलेक्ट्रिक वाहनांसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमदुरुस्तीत तसे स्पष्ट आहे. या जोडणीवर चार पोलांचा एमसीसीबी (मोठा मुख्य ब्रेकर), पूर्ण जाडीचा न्यूट्रल आणि प्रत्येक चार्जरसाठी वेगळे सर्किट. ३२ अँपिअरच्या चार्जरला ४० चा एमसीबी (जादा लोडला आपोआप पडणारा छोटा ब्रेकर) घाला. एमसीबीचे माप ३० अंश तापमानाला धरलेले असते, बंद पॅनेलमध्ये ४५-५० अंश सहज होतात आणि ३२ चा एमसीबी मग मध्यरात्री उगाच पडतो. वैतागून कोणीतरी तिथे ६३ चा घालतो आणि केबलचे संरक्षणच जाते.

केबलचे माप अंतरावर ठरते. ६० मीटरवरच्या पार्किंगला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली तर ३२ अँपिअरला गरम अवस्थेत १४ व्होल्ट वाटेतच पडतात आणि साडेचारशे वॉट केबल तापवण्यात जातात. १० चौरस मिलिमीटरला हेच साधारण साडेआठ व्होल्ट आणि पावणेतीनशे वॉट. दरातला फरक बघून ठेकेदार ६ चीच सुचवील. १० ची घ्या.

फेजची वाटणी कागदावर लिहून पॅनेलच्या दारावर चिकटवा. इथे एक फसगत नेहमी होते. तीन फेजचे २२ किलोवॉटचे चार्जर लावले की तोल आपोआप राहतो असे वाटते. पण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांतला चार्जर सिंगल फेजचा असतो आणि तो फक्त पहिल्या फेजमधून ओढतो. सगळ्या चार्जरची पहिली फेज आर ला (तिन्ही फेजची नावे आर, वाय, बी) जोडली असेल तर दिसायला तीन फेज, प्रत्यक्षात सगळा लोड आर वर. म्हणून पहिला चार्जर आर-वाय-बी, दुसरा वाय-बी-आर, तिसरा बी-आर-वाय असे फिरवत जोडा.

या पॅनेलचा मेंदू म्हणजे लोड कंट्रोलर. इमारतीच्या मेन केबलवर तीन सीटी (केबलभोवती बसून प्रवाह मोजणारे करंट ट्रान्सफॉर्मर), त्यांचा मीटर, तिथून आरएस-४८५ या संदेशपद्धतीची आवरण असलेली जोडीची तार कंट्रोलरपर्यंत, आणि कंट्रोलरकडून प्रत्येक चार्जरला किती अँपिअर घ्यायचे याची आज्ञा. चार्जर ओसीपीपी (चार्जरला बाहेरून आज्ञा देण्याची खुली भाषा) १.६ किंवा त्यापुढच्या आवृत्तीचे आणि त्यातले स्मार्ट चार्जिंग खरोखर चालणारे घ्या. माहितीपत्रकात ते लिहिलेले असते. विक्रेत्याला समोर ३२ वरून ६ वर आणून दाखवायला सांगा.

बिघडते कुठे, तेही सांगतो. सीटी नव्या ईव्ही पॅनेलच्या केबलवर लावलेले असतात, इमारतीच्या मेनवर नव्हे. मग कंट्रोलरला लिफ्ट आणि पंप दिसतच नाहीत. सीटीवरचा बाण उलटा बसलेला असतो. कंट्रोलरला वाटते इमारत वीज बाहेर देते आहे आणि तो सगळ्यांना मोकळे सोडतो. ४००/५ चा सीटी बसवून मीटरमध्ये २००/५ भरलेले असते; वाचन निम्मे येते. तळघरात वायफाय पोचत नाही, किंवा कंट्रोलरचा हुकूम इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरमार्फत येतो आणि पावसात नेट गेले की हुकूमच थांबतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे संपर्क तुटल्यावर चार्जर ३२ वर धावतात. उलट झाले पाहिजे: संपर्क तुटला की ६ वर यायचे. गाडी पूर्ण थांबवण्यापेक्षा ६ वर ठेवणे बरे, कारण काही गाड्या बराच वेळ थांबवल्या की झोपी जातात आणि परवानगी मिळूनही उठत नाहीत. सहासुद्धा सगळ्यांना पुरत नसतील तेव्हाच अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावा.

काम ताब्यात घेताना शेवटचा हप्ता देण्याआधी तीन गोष्टी स्वतः उभे राहून करून घ्या. चार-पाच गाड्या लावून आरएस-४८५ ची तार उपसा. दहा सेकंदांत सगळ्या ६ अँपिअरवर आल्या पाहिजेत. तार परत लावून कंट्रोलरचा वीजपुरवठा बंद करा. तेच झाले पाहिजे. मग मेन बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. गाड्या एकेक करत, वेगवेगळ्या वेळी सुरू झाल्या पाहिजेत. तिन्हींपैकी एक जरी चुकली तरी पैसे थांबवा.

सुरक्षेचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम थोडक्यात: प्रत्येक पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा, किमान टाइप ए आरसीडी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा; आरसीसीबी हा त्याचाच प्रकार), जो न्यूट्रलही तोडेल, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर, एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही, गाडी पॉइंटपासून ५ मीटरच्या आत. टाइप ए का, तर गाडीतून डीसी गळती झाली तर जुन्या टाइप एसी आरसीसीबीचा गाभा भारून जातो आणि तो माणसाला शॉक बसला तरी पडत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारा भाग आहे का ते विचारा. घरगुती १६ अँपिअर सॉकेटवर पोर्टेबल चार्जर लावणारे असतील तर त्यांना निळा इंडस्ट्रियल सॉकेट द्या आणि गाडीत १० अँपिअरची मर्यादा घालायला सांगा. पॅनेल जनरेटरच्या चेंजओव्हरमागे, म्हणजे लाईट गेल्यावर जनरेटरवर जाणाऱ्या भागात, मुळीच नको. लिफ्टसाठी घेतलेला जनरेटर दोन गाड्यांतच दम टाकील. आणि पॅनेल खालच्या तळघरात बसवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मीटर रूमपर्यंत पाणी कसे आले हे ज्येष्ठ सभासदांना विचारा.

पैशांचे फार कठीण नाही. पॅनेल, कंट्रोलर आणि मुख्य केबल सामाईक खर्चातून. चार्जर आणि तिथवरची शेवटची केबल ज्याची त्याची. सभासदांकडून युनिटप्रमाणे पैसे घ्यायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. चार्जिंग ही सेवा आहे, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

आता प्रत ज्यांना जाते त्यांच्यासाठी.

वितरण कंपन्यांच्या नियोजन विभागांनो, चार्जरच्या पाट्यांवरच्या किलोवॉटची बेरीज करून लोड मंजूर करणे थांबवा. कंट्रोलरमध्ये कुलूपबंद केलेली कमाल मर्यादा हाच त्या जोडणीचा लोड धरा. मर्यादा ओलांडली तर स्मार्ट मीटर तुम्हाला सांगेलच. स्वतंत्र जोडणी कागदावर स्वतंत्र असते, पण सर्व्हिस केबल आणि ट्रान्सफॉर्मर बऱ्याचदा तोच. म्हणून सोसायटीला तुमच्या बाजूच्या केबलवर सीटी लावायची परवानगी द्या, किंवा ट्रान्सफॉर्मरवरच्या मीटरचे वाचन कंट्रोलरपर्यंत पोचवा. फीडर परत चालू करताना गाड्या दहा-पंधरा मिनिटे उशिरा याव्यात ही अट जोडणीच्या अर्जातच घाला. कमी फ्रिक्वेन्सीला कोणते फीडर तोडायचे याचे तक्ते रात्रीच्या बदललेल्या लोडवर पुन्हा तपासा. गाड्यांनी भरलेला फीडर रात्री एकला पूर्वीइतकाच हलका आहे असे धरून चालणार नाही. उलट फीडर तोडण्याआधी गाड्यांचाच लोड उतरवता येईल. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. ती खूप घसरली की चार्जरने स्वतःहून ६ वर यावे, किती हर्ट्झला ते ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राने ठरवावे. दहा मिनिटे हळू चार्ज झाले तर झोपलेल्या मालकाला कळणारही नाही. पूर्ण फीडर तोडला तर सगळ्या गल्लीला कळते.

आयोगाकडे एक मुद्दा. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितले आहे. दुपारी राज्यात सूर्याची वीज भरपूर असते, त्यामुळे हे योग्यच. पण उन्हाळ्यात मुंबईत येणाऱ्या वाहिन्यांवर ताण असतो तोही कार्यालयांच्या एसीमुळे दुपारीच, आणि घरची गाडी त्या वेळी बीकेसी नाहीतर लोअर परळच्या वाहनतळात असते. तिथे नियंत्रित चार्जर असतील तर दुपारचा दर उपयोगी. निवासी इमारतीला मात्र मध्यरात्र ते पहाट हीच वेळ मोकळी. निवासी ट्रान्सफॉर्मरवरच्या चार्जिंगसाठी ही वेळ दरात दिसली पाहिजे, आणि तिची सुरुवात सगळ्यांची एकाच मिनिटाला होऊ नये.

नव्या इमारतींचेही बघा. केंद्रीय आदर्श बांधकाम उपविधींच्या २०१९ च्या दुरुस्तीत २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय आहे, हे उत्तम. पण सगळे पॉइंट एकाच वेळी चालतील असे धरून वर १.२५ चा गुणक लावायचा आहे. २०० पार्किंगच्या इमारतीत ४० पॉइंट, ७.४ ने गुणून १.२५ पट, म्हणजे ३७० किलोवॉट. नियंत्रित पॅनेलवर त्याच ४० गाड्या ६ अँपिअरने रात्रभर ५५ किलोवॉटमध्ये बसतात. मुंबईत ट्रान्सफॉर्मरच्या खोलीची जागा कोणत्या भावाने पडते हे बिल्डरला सांगायला नको. नियंत्रक बसवणाऱ्यांना या गुणकातून सूट हवी.

सोसायट्यांना एवढीच विनंती की, पुढच्या चार्जरचा अर्ज विषयपत्रिकेवर येण्याआधी लॉगर लावण्याचा ठराव घ्या आणि सात दिवसांची नोंद सूचना फलकावर लावा. अर्जदाराला तोपर्यंत थांबवायची गरज नाही. १० अँपिअरच्या मर्यादेवर, नियमाप्रमाणे बसवलेल्या सॉकेटवरून, रात्री बारानंतर त्याची गाडी आजही चार्ज होऊ शकते.

आपले,
मुंबईतल्या वीज क्षेत्रात काम करणारे काही अभियंते आणि परवानाधारक विद्युत ठेकेदार